रायफलचा धक्का कसा पेलावा आणि रेंजवर कसं वागावं

गोव्यातल्या मुलांची रायफलशी पहिली गाठ बहुधा दोन ठिकाणी पडते. एक म्हणजे एनसीसीचा कॅम्प: पालथं पडायचं, .२२ (०.२२ इंची नळीची हलकी रायफल) खांद्याला लावायची आणि पंचवीस मीटरवरच्या कागदावर मोजक्या गोळ्या झाडायच्या. दुसरं म्हणजे सत्तरी, सांगे, काणकोणकडचं एखादं घर, जिथे कुळागराच्या (सुपारी-माडाच्या बागेच्या) राखणीसाठी आजोबांच्या नावावर परवाना असलेली बारा बोअरची एकनळी (छऱ्यांची बंदूक) असते. पहिल्या ठिकाणी धक्का जवळजवळ जाणवत नाही. दुसऱ्या ठिकाणी तो खांद्यावर निळा-काळा डाग ठेवून जातो, आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे मनात भीती ठेवून जातो. डाग आठवड्याभरात जातो. भीती वर्षानुवर्षं राहते आणि प्रत्येक गोळीच्या आधी डोळे मिटायला लावते.

म्हणून सुरुवातीलाच सांगतो. नवख्या माणसाच्या हातात पहिल्यांदा मोठं शस्त्र देऊ नका. गंमत म्हणून तर मुळीच नको, आणि तो मागे कसा कोलमडतो हे मोबाइलवर टिपण्यासाठी तर कधीच नको. ही सवय मला अजिबात मान्य नाही. त्यात तो माणूस दुखावतो, आणि तोल गेलेल्या हातातली नळी कुठे वळेल याचा भरवसा नसतो. आधी एअर रायफल, मग .२२, आणि त्यावर हात बसल्यावरच त्यापुढचं. हा क्रम पाळला तर पुढचं बरंच सोपं होतं.

धक्का येतो कुठून

गोळी आणि तिच्यामागचा वायू जितक्या जोराने पुढे जातात, तितक्याच जोराने रायफल मागे येते. गोळी हलकी म्हणून तिला प्रचंड वेग मिळतो, रायफल जड म्हणून तिला थोडा. ढोबळ आकडे पाहा. साडेचार किलोची .२२ रायफल सुमारे २.६ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३३० मीटरच्या आसपास वेगाने सोडते. तिच्या धक्क्याची ऊर्जा एका ज्यूलच्या दहाव्या हिश्शाच्या घरात असते. चार किलोच्या .३०३ मध्ये, म्हणजे जुन्या लष्करी रायफलमध्ये, ती पंधरा-सोळा ज्यूलपर्यंत जाते. आणि तीन किलोच्या बारा बोअरमधून ३२ ग्रॅम छऱ्यांचं काडतूस उडवलं तर ती तीस ज्यूलच्याही पुढे जाते. म्हणजे माडाच्या राखणीची ती साधी दिसणारी एकनळी लष्करी रायफलच्या दुप्पट लाथ मारते. ‘ही काय, आपली घरातलीच’ म्हणून ती पोराच्या हाती देणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

वजनाचा हिशेबही इथेच समजून घ्या. काडतूस तेच ठेवून शस्त्राचं वजन तीन किलोवरून चार किलोवर नेलं, तर धक्क्याची ऊर्जा पाव हिश्शाने उतरते. हलकं शस्त्र खांद्यावरून न्यायला बरं, झाडायला नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. काडतूस पेटल्यावर गोळी नळीबाहेर पडायला दोन-तीन मिलिसेकंद पुरतात. तुमच्या शरीराला धक्का जाणवून स्नायू आवळायला त्याच्या पन्नास-शंभरपट वेळ लागतो. याचा अर्थ, धक्का बसल्यानंतर तुम्ही जे काही करता त्याने गोळी बिघडत नाही, ती केव्हाच गेलेली असते. गोळी बिघडते ती धक्का बसण्याआधी, त्याच्या धास्तीने तुम्ही जे करता त्याने. या लेखातली सगळी कसरत या एका गोष्टीसाठी आहे: शरीर आधीच असं बसवून ठेवायचं की धक्का आला तर येऊ दे, म्हणता यावं.

आधी शस्त्र अंगाला बसतं का ते पाहा

शस्त्र रिकामं आहे याची खात्री करा. बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) उघडा, चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या जागेत) डोळ्याने बघा, मग करंगळी घालून चाचपा. आता उजव्या हाताचं कोपर काटकोनात वाकवा आणि बट (दस्त्याचं, म्हणजे शस्त्राच्या लाकडी भागाचं, मागचं टोक) कोपराच्या खोबणीत टेकवा. तर्जनीचं पहिलं पेर चापावर आरामात पोचलं पाहिजे. (डावखुऱ्यांनी सगळीकडे उजव्याच्या जागी डावं वाचावं.) बोट ताणावं लागत असेल तर दस्ता लांब आहे, आणि मग बट खांद्यावरून घसरून दंडावर जाणार. बोट चापाच्या पुढे जात असेल तर दस्ता आखूड आहे, आणि मग अंगठा नाकावर आदळणार. बहुतेक मोठ्या माणसांना १३ ते १४ इंच लांबी जुळते. बारीक चणीच्या मुलींना आणि मुलांना कमी लागते. स्पर्धेच्या रायफलला बटप्लेट (बटावरची पट्टी) आणि चीकपीस (गाल टेकवायचा भाग) सरकवता येतात, ते स्क्रू असतात म्हणूनच, ते लाजू नका फिरवायला. जुन्या लाकडी दस्त्याला सरकवण्याची सोय नसते, पण मागे रबरी पॅड बसवता येतो. पॅडने धक्क्याची ऊर्जा कमी होत नाही. तो ती जास्त जागेवर आणि थोड्या जास्त वेळात पसरवतो, आणि खांद्याला तेवढंच हवं असतं. मात्र पॅड लावला की लांबी वाढते, ती पुन्हा मोजा.

दुर्बीण लावलेली असेल तर डोळा आणि काच यांच्यात किमान आठ-नऊ सेंटिमीटर अंतर हवं. मोठ्या बोअरला (जाड नळीच्या, जोरदार शस्त्राला) त्याहून जास्त बरं. हे अंतर चुकलं की धक्क्यासरशी दुर्बिणीची कड भुवई फाडते, आणि तिथलं रक्त सहज थांबत नाही.

खांद्यातली जागा

पुस्तकात ‘बट खांद्याला लावा’ एवढंच लिहिलेलं असतं, आणि सगळा घोळ तिथेच होतो, कारण खांदा म्हणजे एक जागा नव्हे. डाव्या हाताची बोटं उजव्या गळपट्टीच्या हाडावर ठेवा आणि बाहेरच्या बाजूला सरकवत न्या. हाड संपत येतं तिथे खाली एक मऊ खळगा लागतो. आता उजवं कोपर हळूहळू खांद्याच्या पातळीपर्यंत उचला. तो खळगा भरतो, छातीचा स्नायू फुगून तिथे गादी तयार होते. हीच ती जागा. तिच्या बाहेर दंडाच्या हाडाचा गोळा आहे, वर गळपट्टीचं हाड आहे. दोन्ही ठिकाणी मांस नाही, तिथे बट लागला तर पहिल्याच काडतुसाला कळवळायला होतं.

बट या खळग्यात खालून वर सरकवत आणा, वरून टेकवू नका. त्याचा संपूर्ण माथा अंगाला चिकटला पाहिजे. फक्त खालचं टोक लागलं तर सगळा जोर एका रुपयाएवढ्या जागेवर उतरतो. मग दोन्ही हातांनी, त्यातही हँडगार्डवरच्या (नळीखालच्या पुढच्या भागावरच्या) हाताने, रायफल हलकेच मागे ओढून बसवा. बट आणि खांदा यांच्यात बोटभर फट राहिली तर रायफल त्या बोटभर अंतरात वेग घेते आणि मग आदळते. धक्क्याला घाबरणारा माणूस नेमकी हीच चूक करतो: शस्त्र अंगापासून लांब धरतो आणि त्यामुळे जास्त मार खातो. चिकटून असलेली रायफल तुम्हाला ढकलते. सुटी असलेली मारते.

एक तपासणी सांगतो. रिकामं शस्त्र खांद्याला लावून डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. माशी (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) लक्ष्यावरून बाजूला गेली असेल तर हातांनी ओढून आणू नका. पाय किंवा कंबर फिरवा. हाताने ओढून धरलेली रायफल धक्क्यानंतर हमखास तिरकी उडते.

उभं राहून, बसून, पालथं पडून

उभं राहून झाडणं धक्क्याला सगळ्यात सोपं, कारण शरीराला मागे झुलायला जागा असते. बारा बोअर किंवा .३०३ साठी डावा पाय वीतभर पुढे, गुडघे किंचित सैल, आणि वजन पुढच्या पायावर थोडं जास्त. नाक पुढच्या पायाच्या बोटांच्या वर आलं की बरोबर. नवखा माणूस शस्त्राच्या वजनामुळे कमरेतून मागे झुकतो, आणि तसा झुकलेला माणूसच धक्क्याने मागे जातो. धक्का आला की वरचं अंग एका तुकड्यासारखं थोडं मागे जाऊन परत पुढे यावं. क्रिकेटमध्ये झेल घेताना हात चेंडूबरोबर मागे नेतो, तसंच. हात ताठ ठेवला तर झेलही सुटतो आणि बोटही मोडतं.

स्पर्धेतली उभी पोझिशन याहून अगदी वेगळी: अंग लक्ष्याला आडवं, कंबर पुढे, डावं कोपर बरगडीवर टेकलेलं, पाठ मागे कललेली. ती एअर रायफल आणि .२२ साठी आहे, जिथे धक्का नावापुरता असतो. टीव्हीवर पाहून ती बारा बोअरला वापरू नका.

टेबलावर बसून, वाळूच्या पिशवीवर शस्त्र ठेवून झाडताना धक्का सर्वांत जास्त लागतो. हे लोकांना खरं वाटत नाही, आधार असल्यावर सोपं नाही का? नेम धरायला सोपं, खांद्याला अवघड. टेबलावर ओणवं होऊन छाती टेकवली की अंगाला मागे जायला वाव उरत नाही. उपाय सरळ आहे. आधार उंच करा, म्हणजे तुम्हाला ताठ बसता येईल. छाती लक्ष्याकडे बरीचशी सरळ ठेवा, दोन्ही पाय जमिनीवर पूर्ण टेकवा. बट आणि खांदा यांच्यामध्ये जाड टॉवेलची घडी घातली तरी चालते, पण ती घसरू देऊ नका.

पालथं पडताना शरीर शक्य तितकं रायफलच्या मागे सरळ रेषेत ठेवा, टाचा जमिनीला लावून. तिरकं पडलं तर धक्का खांद्याच्या एका कडेवर येतो आणि रायफल प्रत्येक वेळी त्याच बाजूला पळते. या पोझिशनमध्ये बट गळपट्टीच्या हाडाजवळ सरकतो, म्हणून मोठ्या बोअरने पालथं पडून फार गोळ्या झाडू नयेत. .२२ मध्ये मात्र हीच सर्वांत शांत पोझिशन. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्यूनिकमध्ये ५० मीटर प्रोनमध्ये (पालथं पडून) जगज्जेत्या झाल्या. त्याच जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) कांस्यपदक आणलं. त्यांच्या हातातली रायफल .२२ चीच. एवढ्या हलक्या धक्क्याकडेही या पातळीचे नेमबाज बारकाईने बघतात. गोळी गेल्यावर माशी थोडी उसळून पुन्हा दहाच्या आकड्यावर येऊन बसली तर पोझिशन बरोबर. डावीकडे वर गेली आणि तिथेच राहिली तर काहीतरी चुकलं आहे, मग कागदावर भोक दहामध्ये असलं तरी. तुम्हीही .२२ वर हे बघायला शिका. धक्का काय सांगतो ते वाचता येऊ लागलं की त्याची भीती आपोआप कमी होते.

पकड, गाल, श्वास, चाप

उजव्या हाताची पकड हस्तांदोलनाइतकी. पांढरी पडलेली बोटं दिसली की समजा ताकद वाया चालली आहे, शिवाय आवळलेल्या मुठीतलं बोट चाप सरळ मागे ओढू शकत नाही. गाल दस्त्यावर टेकवायचा, दाबून चेपायचा नाही, पण अधांतरीही ठेवायचा नाही. अधांतरी गालावर दस्ता उसळून आपटतो आणि दात वाजतात. दात एकमेकांवर हलके टेकलेले असू देत, जीभ मध्ये नको.

श्वास घ्या, अर्धा सोडा, थांबा. सहा-सात सेकंदांत गोळी गेली नाही तर रायफल उतरवा, पुन्हा श्वास घ्या. दम कोंडून धरलेल्या माणसाची नजर धूसर होते आणि मग तो घाईने चाप खेचतो. चाप हळूहळू, एकसारख्या दाबाने मागे यावा, आणि गोळी नेमक्या कोणत्या क्षणी सुटेल हे तुम्हालाही आधी कळू नये. सुटल्यावर बोट लगेच उचलू नका. चाप मागेच धरून, डोळा माशीवर ठेवून, मनात एक अंक मोजा. मग श्वास.

दचकणं मोडायचं कसं

दचकणं ही भित्रेपणाची खूण नाही. कानाशी स्फोट झाला की कुणीही दचकतो, शरीर तसंच बनलेलं आहे. अडचण एवढीच की काही गोळ्यांनंतर ते स्फोटाच्या आधीच दचकू लागतं. गोळ्या खाली जातात, उजव्या हाताच्या माणसाच्या बहुधा खाली डावीकडे, आणि तो सांगत राहतो की रायफलच वाकडी आहे.

याचा इलाज दोघांनी मिळून करायचा. शिकणाऱ्याने मागे वळून बघायचं नाही. शिकवणाऱ्याने कधी खरं काडतूस भरायचं, कधी डमी (न उडणारं खोटं काडतूस), कसलाही क्रम न ठेवता. नळी पूर्ण वेळ लक्ष्याकडे. सत्तरीतली एनसीसीची एक कॅडेट माझ्याशेजारी हा सराव करत होती. दोन खऱ्या गोळ्यांनंतर डमी आली. चाप सुटला, फक्त ‘टक्’ झालं, आणि नळीचं टोक चार बोटं खाली गेलं. तिने स्वतः ते पाहिलं. कोणी काही बोललं नाही, बोलायची गरजही नव्हती. पुढच्या डमीला टोक दोन बोटं गेलं. मग तिने डमी कधी येणार याचा अंदाज बांधायचा सोडून दिला, फक्त माशीकडे बघत राहिली, आणि शेवटच्या डमीला टोक जागचं हललं नाही. त्यानंतरच्या पाच खऱ्या गोळ्या एका सुपारीएवढ्या जागेत पडल्या. हा सराव कितीही जुन्या नेमबाजाला लागू पडतो. मोठ्या बोअरवर दिवसभर झाडून झाल्यावर शेवटी दहा गोळ्या .२२ च्या झाडून घरी जाणं, हीही फार चांगली सवय.

कोरडा, म्हणजे काडतुसाशिवाय, चाप ओढण्याचा सराव घरीही करता येतो. खोलीत एकही काडतूस नको, नळी भक्कम भिंतीकडे, चेंबर दोनदा तपासलेलं. एक सावधगिरी: बहुतेक .२२ रिमफायर (काडतुसाच्या कडेवर ठोका देणाऱ्या) रायफलींमध्ये रिकाम्या चेंबरवर चाप ओढला की फायरिंग पिन, म्हणजे ठोका देणारी खीळ, चेंबरच्या कडेवर आपटते आणि कड खराब होते. तिथे डमी घाला किंवा रायफलच्या पुस्तिकेत परवानगी आहे का ते पाहा.

किती गोळ्या पुरे? मोठ्या बोअरच्या नवख्याला एका दिवसात दहाच्या वर नकोत, आणि प्रत्येक पाचांनंतर विश्रांती. खांदा दुखू लागला की त्या दिवसाचं शिकणं संपलं. त्यापुढची प्रत्येक गोळी फक्त दचकणं पक्कं करते. पेसमेकर बसवलेल्यांनी, आणि डोळ्याची किंवा खांद्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय बट खांद्याला लावू नये.

स्प्रिंगच्या एअर रायफलची उलटी तऱ्हा

घरोघरी असते ती नळी मोडून भरायची, स्प्रिंगची एअर रायफल. तिच्यात जड पिस्टन आधी पुढे धावतो म्हणून रायफल मागे येते, मग पिस्टन टोकाला आपटतो आणि रायफल पुढे झटका खाते. हे दोन्ही पेलेट (एअर रायफलची छोटी गोळी) नळीत असतानाच घडतं. त्यामुळे इथे वर सांगितलेली मागची ओढ उपयोगाची नाही. हँडगार्ड उघड्या तळहातावर नुसता ठेवा, बोटं मिटू नका, बट खांद्याला जेमतेम टेकू द्या. रायफलला तिचं नाचणं करू द्या, फक्त प्रत्येक वेळी तळहात त्याच जागी हवा. स्पर्धेच्या, दाबलेल्या हवेच्या एअर रायफलमध्ये हा प्रश्न जवळजवळ नसतो.

कान, डोळे, कपडे

कानांचं संरक्षण धक्क्याच्याच विषयात मोडतं, कारण माणूस धक्क्यापेक्षा आवाजालाच जास्त दचकतो. .२२ रायफलचा आवाजही १४० डेसिबलच्या आसपास जातो, मोठ्या बोअरचा १५५ ते १७० पर्यंत. १४० च्या वरचा एक स्फोटही कायमचं नुकसान करू शकतो, आणि गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. कापसाचे बोळे उपयोगाचे नाहीत. फोमचा प्लग बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढा, प्लग आत घालून तो फुगेपर्यंत धरून ठेवा. मोठ्या बोअरला त्यावर इअरमफही चढवा. दोन्ही लावलेल्या नवख्याचं दचकणं त्याच दिवशी अर्ध्यावर आलेलं तुम्हाला दिसेल.

डोळ्यांना चष्मा हवाच. कॉलर बंद करा, कारण शेजारच्या रायफलमधून उडालेलं गरम केस (काडतुसाचं रिकामं नळकांडं) गळ्यात पडलं की माणूस भरलेल्या शस्त्रासकट उड्या मारतो. आपल्याकडच्या दमट हवेत चष्म्यावर वाफ धरते आणि घाम डोळ्यात उतरतो, म्हणून कपाळपट्टी आणि कोरडा पंचा जवळ ठेवा. चपला नकोत, बूट घाला.

घरातून निघण्यापासून

शस्त्र रिकामं, कव्हरमध्ये, काडतुसं वेगळ्या डब्यात, परवाना खिशात. पत्रादेवी, पोळे किंवा दोडामार्ग ओलांडून पलीकडच्या रेंजवर जाणार असाल तर परवान्यावर क्षेत्र काय लिहिलं आहे ते आदल्या दिवशी वाचा. फक्त गोव्यापुरता असलेला परवाना चेकनाक्यापलीकडे चालत नाही. आचारसंहितेच्या काळात शस्त्रं जमा करण्याचा आदेश निघतो, तेव्हा खेळाडूंना सूट आहे का ते आधी विचारून घ्या. ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलला परवाना लागत नाही, त्यावरच्या सगळ्याला लागतो. आणि राखणीसाठी मिळालेला परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापुढे तो टिकणार नाही. निष्काळजीपणे किंवा आनंदाच्या भरात हवेत गोळी झाडून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

आदल्या रात्री आणि त्या दिवशी दारू नाही. जत्रा, फेस्त, लग्न, काहीही असो. ज्याच्या तोंडाला वास येतो त्याला रेंजवरून परत पाठवणं हे यजमानाचं कामच आहे, त्यात अपमान मानू नये.

फायरिंग लाइनवर

पोचल्यावर सगळ्यात आधी रेंज ऑफिसरला भेटा. प्रत्येक रेंजचे स्वतःचे नियम असतात. कव्हर वाटेत किंवा मागच्या बाकावर उघडू नका. आपल्या जागेवर या, कव्हर अशा तोंडाने ठेवा की शस्त्र बाहेर येतानाच नळी लक्ष्याकडे असेल. बाहेर काढल्याबरोबर बोल्ट उघडा, चेंबर दाखवा, रंगीत सेफ्टी फ्लॅग घाला. एअर रायफलला तो दोरीसारखा, पूर्ण नळीतून आरपार जाणारा असतो. लांबून बघणाऱ्यालाही कळलं पाहिजे की हे शस्त्र मोकळं आहे. तुमचा शब्द त्याच्यासाठी पुरेसा नाही, आणि तसा असूही नये.

बोट चापावर फक्त नेम धरल्यावर. एरवी ते चापाच्या कडीबाहेर, दस्त्याला समांतर सरळ. लक्ष्याच्या मागे काय आहे हे माहीत नसेल तर झाडू नका. .२२ ची गोळी छोटी दिसते, पण दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते.

हुकूम चार: ‘लोड’, ‘स्टार्ट’, ‘स्टॉप’, ‘अनलोड’. एनसीसी आणि पोलिसांच्या रेंजवर ते हिंदीत येतात, अर्थ तोच. ‘स्टॉप’ ऐकलं की अर्धा ओढलेला चापही सोडून द्यायचा, ‘एवढी एकच’ नाही. आणि ‘स्टॉप’ ओरडण्याचा हक्क लाइनवरच्या प्रत्येकाला आहे, चौदा वर्षांच्या पोरीलाही. तिला धोका वाटला आणि तो खोटा निघाला, तरी तिच्यावर कोणी हसू नये. एकदा हसलात की पुढच्या वेळी ती गप्प बसेल.

कागद बदलायला माणसं पुढे गेली की शस्त्राला हात लावायचा नाही. दुर्बिणीतून बघायचं नाही, पुसायचं नाही, मॅगझिनही (काडतुसांची पेटी) भरायचं नाही. टेबलापासून मागे उभं राहा. पुढे गेलेल्या माणसाची पाठ तुमच्याकडे असते, मागे वळून न बघता त्याला चालता आलं पाहिजे.

चाप ओढला आणि काडतूस उडालं नाही, तर रायफल लक्ष्याकडे तशीच धरून तीस सेकंद थांबा. उशिरा पेटणारी काडतुसं असतात, आणि आपल्या पावसाळी हवेत ओल खाल्लेली तर असतातच. मग तोंड बाजूला ठेवून बोल्ट उघडा. त्याहून धोक्याचं म्हणजे आवाज नेहमीपेक्षा हलका येणं, धक्का जवळजवळ न येणं. गोळी नळीत अडकलेली असू शकते. तिथेच थांबा, रेंज ऑफिसरला बोलवा, नळी तपासल्याशिवाय पुढची गोळी नाही. इथेही धक्का ओळखीचा असण्याचा उपयोग होतो: कमी पडला तर लगेच कळतं.

शेजाऱ्याशी

विचारल्याशिवाय कुणाच्या शस्त्राला हात लावू नका आणि न मागता कुणाला शिकवू नका, धोका दिसला तर सोडून. कुणी नेम धरत असताना बोलू नका, मागून खांद्यावर हात ठेवून हाक तर नकोच. गोळी गेल्यावर, शस्त्र खाली ठेवल्यावर, ‘दादा, एक मिनिट’ म्हणा. फोन सायलेंटवर ठेवा.

नळीच्या टोकाला मझल ब्रेक (वायू बाजूला वळवणारा तुकडा) असेल तर तुमचा धक्का बराच कमी होतो, पण वायूचा झोत आणि आवाज बाजूला वळून शेजाऱ्याच्या कानात जातो. कडेची जागा मागा आणि आधी सांगा, म्हणजे तो इअरमफ नीट करून घेईल. तुमची केसं त्याच्या टेबलावर पडत असतील तर थोडं सरका. चुकून त्याच्या कागदावर गोळी गेली तर लगेच सांगा. स्पर्धेत ते लपवणं म्हणजे त्याचे गुण बिघडवणं.

पाहुणा किंवा मूल सोबत असेल तर तुम्ही त्या वेळी झाडू नका. त्याच्या चाप ओढणाऱ्या हाताच्या बाजूला, हात पोचेल इतक्या जवळ उभे राहा, आणि पहिल्यांदा एकच काडतूस भरा. धक्क्याने गांगरून तो शस्त्रासकट मागे वळला, तरी नळीत दुसरं काही नसेल. पाचाचं मॅगझिन हातात द्यायची घाई कशाला? बस म्हणाला की बस. ‘अजून एक’ म्हणून भरीस घालू नका.

आटोपल्यावर

‘अनलोड’ झालं की चेंबर रेंज ऑफिसरला दाखवा, मगच शस्त्र कव्हरमध्ये. स्वतःची केसं उचला, कागद गोळा करा. शिसं हाताला लागलेलं असतं, म्हणून चहा-पावाला हात लावण्याआधी साबण आणि थंड पाण्याने हात-तोंड धुवा. लाइनवर खाणं-पिणं नकोच. घरी लहान मूल असेल तर ते कपडे वेगळे धुवा.

आणि रायफल त्याच संध्याकाळी पुसा. किनाऱ्याजवळच्या खाऱ्या हवेत घामाचे ठसे रात्रभरात गंजतात, जून ते सप्टेंबर तर विचारूच नका. नळीतून कोरडी चिंधी, मग तेलाची, मग पुन्हा कोरडी. बाहेरच्या लोखंडाला तेलाचा पातळ हात. रबरी पॅडला तेल लावू नका, तो चिकट होऊन भेगाळतो. पावसात भिजली असेल तर दस्ता काढून आतला ओलावाही टिपा. चामड्याच्या किंवा फोमच्या कव्हरमध्ये ठेवून देऊ नका, ते ओल धरून ठेवतं. कुलुपाच्या कपाटात, उघडी, शेजारी सिलिका जेलच्या पुड्या ठेवून उभी करा, आणि पुढच्या वेळी झाडण्याआधी नळीतलं तेल कोरड्या चिंधीने काढायला विसरू नका.